कळण्यातलं मीठ

आमच्याकडे गरोदर बाई सुजली की लोकांना आनंद व्हायचा. सुजली असं कोणी म्हणायचंच नाही. "अंग भरलं" म्हणायचे. तोंड गोल झालं, पायातले तोडे रुतायला लागले, की शेजारणी येऊन सासूला म्हणणार, "मानवलं हो तुमच्या सुनेले. घरचं खाणंपिणं दिसतं." सून पातळ राहिली तर सासूची बदनामी आणि फुगली तर सासूची शोभा, असा तो हिशेब.

माझी मोठी बहीण अशीच भरली होती. मी तेव्हा परकर घालत होते. आठव्या महिन्यात तिचं डोकं दुखायला लागलं, कपाळाला फडकं बांधून ती भिंतीला टेकून बसायची. मग एक दिवस तिचे दात बसले, डोळे वर गेले आणि हातपाय झाडायला लागली. भगताला बोलावलं. त्याने कडुनिंबाचा धूर केला, डफ वाजवला, चामड्याची चप्पल तिच्या नाकाला लावली. अख्खी गल्ली घरात कोंबलेली. डफ जोरात वाजला की ती पुन्हा झटके द्यायची आणि भगत म्हणायचा, "पाहा, कसं उसळतंय!" दिवस मावळायच्या आत ती गेली. पोटातलंही तिच्याबरोबर गेलं. विहिरीवरची बाई लागली म्हणाले सगळे. त्या विहिरीचं पाणी मी पुढे लग्न होईस्तोवर भरलं, मला कोणी लागलं नाही.

मी दुसऱ्या बुकाच्या पुढे शिकले नाही. लग्न फैजपूरच्या बाजूला झालं, घरी कपाशी, ज्वारी आणि थोडी केळी. नवरा मुदतीच्या तापात गेला. मूलबाळ नव्हतं. मी सासरीच राहिले. सासू होती, एक दीर होता, आणि मग त्या दिराची बायको आली, म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती धुळ्याकडची. तिचं बोलणं वेगळं. आम्ही "हाये" म्हणायचो, ती "शे" म्हणायची. सासू तिला चिडवायची, "शे शे करते, शेळी बांधली का मी घरात?" ती हसायची आणि मुद्दाम आणखी शे लावायची. मला ती अक्का म्हणायची. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी नाही, आमच्याकडेच करायचं ठरलं.

फैजपूरला काँग्रेसची मोठी सभा भरली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. जावेला दिवस गेले होते. ती कापूस वेचून आली आणि हात धुताना मला म्हणाली, "अक्का, बांगड्या फिरत नहीत." मी पाहिलं तर काचेच्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. पायाला अंगठा दाबून पाहिला. कणकेच्या गोळ्यावर दाबावं तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. शेजारची म्हणाली, "अंग भरलं वं!" मी तिथंच मनाशी ठरवलं, ही जाणार नाही. माझी बहीण गेली तशी ही मी जाऊ देणार नाही. काय करायचं ते ठाऊक नव्हतं. पण डफ वाजू द्यायचा नाही एवढं पक्कं होतं.

तालुक्याच्या दवाखान्यातली एक नर्सबाई बाजाराच्या दिवशी आमच्या गावी यायला लागली होती. कोकणातली होती, पांढरं पातळ, पायात बूट. चावडीच्या ओसरीवर बसायची. बायका लांबून बघायच्या, जवळ जायच्या नाहीत. मी जावेला मिरच्या घ्यायच्या म्हणून बाजाराला नेलं आणि सरळ तिच्यापुढे बसवलं. सासू मागून आलीच.

नर्सबाईने जावेच्या दंडाला कापडी पट्टा गुंडाळला, रबराचा फुगा दाबला आणि पेटीतल्या काचेच्या नळीत पारा चढताना पाहत राहिली. सासू म्हणाली, "हे काय, ताईत बांधता का?"

"रक्ताचा जोर बघते," नर्सबाई म्हणाली. "हिच्या रक्ताला जोर फार चढलाय."

"मग चांगलंच हाये की! जोर नको का बाईले?"

नर्सबाईने पट्टा सोडला. तिने जावेला लघवी आणायला सांगितली, एका बारीक नळीत घातली आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरली. सासूने पदर तोंडाला लावला. "अगं माय! मुताचा चहा करते का ही बया?" आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. जाऊसुद्धा हसली. पण नळीतलं पाणी तापलं आणि दूध फाटावं तसं पांढरं झालं. हसणं थांबलं.

मग नर्सबाईने सांगितलं. शेतात जायचं नाही. डाव्या कुशीवर निजून राहायचं. दूध, ताक, भाजीपाला खायचा. आणि मीठ बंद. "अजिबात बंद. चिमूटही नाही. आणि डोकं दुखलं, डोळ्यापुढे चमकलं, किंवा बरगडीखाली कळ आली, तर माझी वाट बघू नका. भगताची तर नाहीच. सरळ जळगावला मोठ्या दवाखान्यात न्या. उद्या नाही, त्याच घडीला."

घरी आल्यावर सासू कडाडली. "दिवसाढवळ्या सून निजवून ठेवू? आणि अळणी खाऊ घालू? अळणी तर मी कुत्र्याले घालत नाही. लोक म्हणतील, म्हातारीने सुनेचं मीठसुद्धा तोडलं!"

मी म्हटलं, "आत्याबाई, लोक म्हणतील ते मी ऐकीन. तुम्ही माझं नाव सांगा. म्हणा, थोरलीने तोडलं."

सासू वाईट नव्हती. तोंडाची फटकळ, पण एकदा कबूल केलं की मागे हटायची नाही. तिने मिठाची बरणी उचलून आपल्या खोलीत नेली आणि वर पाटा ठेवला. सगळ्या घराचीच भाजी अळणी व्हायला लागली. दीर पहिला घास घेऊन म्हणाला, "माय, मी गरोदर नाहीये." सासू म्हणाली, "गप खा. तुझ्याच पोरापायी चाललंय." ज्याला हवं त्याने वरून खडा घ्यावा, तोही सासूकडे मागून.

तिची शेतातली कामं मी घेतली. वेचणीला जायचं, परत येऊन तिला कुशीवर वळवायचं, पायाखाली गोधडीची घडी द्यायची. दिवसभर निजून राहणं तिला कामापेक्षा जड जायचं. ती म्हणायची, "अक्का, मी काय म्हैस शे? बठ्ठा दिन पडी ऱ्हायनू." मी म्हणायची, म्हैस तरी मुकाट रवंथ करते, तू तेही करत नाहीस.

पुढच्या बाजाराला नर्सबाईला दाखवलं. जोर तेवढाच. त्याच्या पुढच्या बाजाराला थोडा चढलेलाच. सूज हटायचं नाव नाही. नर्सबाई जावेवर रागावली. "तू मीठ खातेस."

"नही वं बाई."

"खोटं बोलू नकोस. जिवाशी खेळ आहे."

सासूने मुक्ताईची शपथ घेतली. बरणीवरचा पाटा हलला नाही म्हणाली. पण घरी आल्यावर तिच्या मनात किडा शिरला. जावेच्या उशीखाली बघ, ओच्यात बघ, असं चालू झालं. "चोरून खाते ही. धुळ्याकडच्या लोकांची जीभच खारी." जाऊ भिंतीकडे तोंड करून रडायची. मी कुणाची बाजू घेणार? मलाही कळेना. मी तर तिच्या ताटावर डोळा ठेवून होते. वांग्याचं भरीत अळणी, वरण अळणी, ताक अळणी. मग कुठून येत होतं?

एका बाजाराच्या दिवशी नर्सबाई स्वतःच आमच्या घरी आली. घरात काय शिजतं ते बघायचं म्हणाली. सासूला तो अपमान वाटला, पण दारी आलेल्या बाईला उपाशी कसं पाठवणार? पाट मांडला. भरीत वाढलं आणि तव्यावरची गरम भाकरी घातली. नर्सबाईने भरताचा घास घेतला, तोंड वाकडं केलं, मान हलवली. अळणी होतं. मग नुसत्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि चावता चावता थांबली.

"ही भाकरी खारट आहे."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सासू म्हणाली, "नाही माय. कोठी मीठ हाये त्याच्यात? कयना हाये तो."

"काय आहे?"

"कळणा," मी सांगितलं. तिला ठाऊक नव्हतं. तिच्याकडे भात खातात. मी समजावायला लागले, "कळणा म्हणजे पीठ, बाई. ज्वारी घ्यायची, त्यात अख्खे काळे उडीद घालायचे, थोडी मेथी घालायची, आणि..."

"आणि?"

तिथं माझी जीभ अडकली. कळणा दळताना जात्यात खडे मीठ घालतात. घालतातच. माझी आई घालायची, सासू घालायची, सगळा खानदेश घालतो. पिठातच असतं, म्हणून भाकरी थापताना कोणी मिठाला हात लावत नाही. ते मीठ आम्हाला मीठ वाटतच नव्हतं.

"आणि मीठ," मी म्हटलं.

सगळ्यात आधी जाऊच हसली. निजल्या जागी पोट धरून हसली. "बठ्ठी चोरी कयनानीच करेल शे!" चोरी कळण्यानेच केली म्हणे. सासूचं तोंड उघडंच राहिलं. पण हार कसली मानते! "पण बाई, ते मीठ नाही ना. ते पीठ हाये!" नर्सबाईलाही हसू आवरेना. भाकरी बाजूला सारून ती म्हणाली, "आजी, पोटात गेल्यावर ते पुन्हा मीठच होतं."

सासू उठली. हिवाळ्यापुरता दळून ठेवलेला कळण्याचा डबा तिने उचलला आणि शेजारी देऊन आली. आल्यावर जावेच्या उशाशी बसली, तिच्या केसांवरून हात फिरवला. माफी मागणं तिला ठाऊक नव्हतं. एवढंच म्हणाली, "उद्यापासून साधी ज्वारी दळू. थोरली, तू बस जात्यावर, मी बी बसते."

आता माझ्या पुतण्याच्या सुनेला दवाखान्यात सांगतात की मिठाने तेवढं होत नाही, ते दुखणं वेगळ्याच कारणाने येतं. असेल. ते शिकलेले आहेत. तेव्हा आमच्या हातात तेवढंच होतं, म्हणून ते आम्ही धरून बसलो. सूज थोडी उतरली, बांगड्या फिरायला लागल्या. पाऱ्याचा जोर मात्र पुरता उतरला नाही, आणि नर्सबाई प्रत्येक खेपेला तेच तेच बजावून जायची.

तुरी निघत होत्या तेव्हाचं. सकाळी मी अंगणात शेण काढत होते. आतून हाक आली, "अक्का, चूल कोनी पेटाडी? ठिणग्या उडी ऱ्हायन्यात." मी आत गेले. चूल थंड होती. तिने एका हाताने कपाळ दाबून धरलं होतं.

मी शेणाचा हात धुतला, बैल सोडले आणि गाडीला जुंपले. दीर शेतात होता, त्याला निरोप धाडला, पण थांबले नाही. सासू आडवी आली. "आज अवस हाये. अवसेले गरोदर बाई शीव ओलांडत नाही. उद्या जाय."

"उद्या ही नसेल, आत्याबाई."

"लोक काय म्हणतील? रांडव बाई कासरा धरून गावातून निघाली?"

"म्हणू द्या. तुम्ही बाजूला व्हा, नाहीतर गाडीत बसा."

ती बाजूला झाली. वरून एक गोधडी आणि पाण्याची चरवी मात्र तिनेच गाडीत टाकली. पारावर माणसं बसली होती. कोणीतरी म्हणालं, "कोठी चालली वं गाडी घेऊन, शर्यत लावते का?" बैल पळवता येईनात, कारण दणका बसला की ती कण्हायची. हळू हाकावी तर जीव राहायचा नाही. वाटेतला प्रत्येक दगड मी तिच्या पोटात जाताना पाहिला.

सावद्याच्या स्टेशनावर गाडी सापडली. बायकांच्या डब्यात मी तिला खालीच निजवलं, डाव्या कुशीवर. एक बाई ओरडली, "आमी पाय कोठी ठेवू?" मी म्हटलं, "माझ्या मांडीवर ठेव." तिने पाय वर घेतले ते जळगावपर्यंत खाली सोडले नाहीत. भुसावळला तिनेच खिडकीतून पाणी मागून घेतलं आणि जावेच्या ओठाला लावलं.

दवाखान्याच्या पायरीवर जावेला पहिला झटका आला. तेच सगळं. दात बसले, डोळे वर गेले. मी तिचं डोकं धरलं होतं आणि मला माझी बहीण दिसत होती. पण इथं डफ नव्हता. दोन नर्सा धावल्या, तिला कुशीवर केलं, चमच्याला कापड गुंडाळून दातांत दिला, तोंडातला फेस पुसला. कोणी ओरडलं नाही. डॉक्टरीणबाई आली तीही हळू बोलत होती. तिने सुई दिली आणि जावेला कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. खिडकीवर काळी घोंगडी टांगली होती. भरदिवसा आत काळोख.

मला बाईने सांगितलं, "आवाज झाला की झटका येतो. उजेड पडला की येतो. भांडं आपटलं तरी येतो. तू इथं बसशील?"

"बसेन."

"बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

मी पायातल्या वहाणा काढून दाराबाहेर ठेवल्या, फरशीवर वाजू नयेत म्हणून. तिला वळवायचं ते दोन हातांनी, सावकाश. तोंड पुसायचं. श्वास कसा चाललाय ते कान लावून ऐकायचं. झटका आला की बाहेर जाऊन नर्सेचा पदर ओढायचा, हाक मारायची नाही. माझ्या बहिणीपाशी जी जी गर्दी झाली होती, जो जो गोंगाट झाला होता, त्याच्या उलट सगळं इथं चाललं होतं. ते पाहून, ही जाणार नाही, हे माझ्या मनाने आणखी घट्ट धरलं.

दुसऱ्या दिवशी दीर आणि सासू आले. आमच्याकडे रीत आहे, दुखण्याच्या घरी भेटायला गेलं की दारातूनच गळा काढायचा. न रडता आत गेलं तर माया नाही म्हणतात. सासूने उंबऱ्यात पाय ठेवला, छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं. मी झेप घेऊन तिच्या तोंडावर हात दाबला.

सासूच्या तोंडावर हात ठेवणारी आमच्या गावातली मी पहिलीच सून असेन. तिचे डोळे मोठे झाले. मी तिला ओढत बाहेर नेलं आणि सगळं सांगितलं. आता थोबाडीत बसते असं वाटलं. पण ती दाराबाहेर मांडी घालून बसली आणि तिथून हलली नाही. कोणी चपला वाजवत आलं की बोट ओठावर. झाडूवालीला "हळू", बादलीवाल्याला "हळू". डॉक्टरीणबाई बुटांनी आली तर तिलाही, "बूट काढा ना माय." आणि बाईने काढले.

पोर वाचलं नाही. मुलगा होता. डॉक्टरीणबाईनेच तो सोडवला, पण तो रडला नाही. दिराने त्याला नेलं. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. आईला वाचवायचं तर आता थांबता येत नव्हतं, एवढं बाईने आम्हाला आधीच सांगितलं होतं.

त्यानंतर झटके थांबले. ती निजून होती, श्वास नीट चालला होता. बाईने खिडकीवरचं घोंगडं काढायला सांगितलं. उन्हाचा पट्टा तिच्या खाटेवर आला. तिने डोळे उघडले, इकडे तिकडे केले आणि म्हणाली, "अक्का, दिवा कव्हय लावश्यात?"

दिवा कधी लावणार, विचारत होती. ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं.

मी डॉक्टरीणबाईला बोलावलं. तिने डोळ्यांत बॅटरी टाकून पाहिलं. बाहेर येऊन म्हणाली, "ह्या दुखण्यात असं होतं. बहुतेकांची नजर परत येते."

"आणि नाही आली तर?"

"थांबून बघायचं. तिच्यापुढे घाबरायचं नाही."

मी परत आत गेले. तिने हात चाचपत माझं बोट धरलं. "पोर?" मी तिला पोराचं सांगितलं. खोटं सांगून काय करणार, दूध भरून आलं असतं तेव्हा कळलंच असतं. मग म्हणाली, "अनि मन्हा डोया?" मी म्हटलं, "डोळे येणार. मी इथून हलणार नाही, तू बी हलायचं नाही." ती रडली नाही. भिंतीकडे वळली नाही. उताणी पडून वर बघत राहिली, जिथं तिला काही दिसत नव्हतं.

मी तिला भरवत होते. प्रत्येक घासाला सांगायची, हे ताक, ही पेज. तोंड धुऊन द्यायची, वेणी घालायची. रोज सकाळी खिडकीकडे तोंड करून बसवायची आणि काही विचारायची नाही. सासू दारात बसून माळ ओढायची. दीर यायचा, बायकोचा हात धरून बसायचा आणि निघून जायचा. दवाखान्यातल्या इतर बायका कुजबुजायच्या, आंधळी बायको कोण सांभाळणार म्हणून. एकदा सासूने ऐकलं. हळू आवाजातच म्हणाली, "मी. अजून काही?"

मग एका सकाळी मी पेजेची वाटी घेऊन आले. ती खिडकीशी बसलेली होती. मी वाटी खाली ठेवायला वाकले. तिने माझ्याकडे मान वळवली, कपाळाला आठ्या घातल्या, जशी ती सुईत दोरा ओवताना घालायची तशा. बराच वेळ बघत होती.

"अक्का," ती म्हणाली, "तुम्ही लुगडं उलटं नेसेल शेतस."

मी खाली पाहिलं. खरंच उलटं होतं. काठाची उलटी बाजू वर, सगळे दोरे बाहेर लोंबत होते. किती दिवस मी तशीच सगळ्या दवाखान्यात फिरत होते कोण जाणे, कोणी सांगितलं नव्हतं.

दारातून सासूने ते ऐकलं. ती उठली, आत आली, आणि ह्या खेपेला तिने जो गळा काढला, त्याला मी हात लावला नाही.